बर्गेनच्या पावसात राबिया

इदरीस सुतार एके काळी जव्हारमधला सर्वांत बोलका माणूस होता, असं आज कुणाला सांगितलं तर ऐकणारा सांगणाऱ्याकडेच संशयाने बघेल. पण खरं आहे ते. एप्रिल-मे महिन्यात तो कौलं चाळायला कुणाच्या छपरावर चढला की अख्ख्या आळीला कळायचं. कुणाचे वासे कुजलेत, कुणी कौलांखालच्या रिपांना हलकं लाकूड वापरलंय, आणि ते वापरायला लावणारा मेहुणा कोण, हे सगळं वरून खाली ऐकू यायचं. मालकाने चहा विचारला नाही तर त्याच्या आजोबांपासूनची उणीदुणी निघत. जोडीला साखरशेतचा सुकऱ्या असे. तो कौलं हातात देई आणि गालात हसे. दोघांनी मिळून निम्म्या जव्हारला पावसाळ्यात कोरडं ठेवलं, आणि उरलेल्या निम्म्याने त्यांना न बोलावल्याची शिक्षा भोगली, असं इदरीसचं स्वतःचं म्हणणं होतं.

एका कामात मात्र तो तोंड उघडत नसे. मुसलमानांत कबरीत मय्यत ठेवली की तिच्यावर आडव्या फळ्या टाकतात आणि मग माती लोटतात. त्या फळ्या इदरीस कापायचा. हे काम त्याच्या बापाकडून आलेलं, त्याचा मोबदला घेणं त्याच्या डोक्यातही आलं नाही. पहाटे कुणी गेल्याचं कळलं की हातातलं काम टाकून तो करवत घेई. दुपारी जोहरच्या नमाजाला फळ्या तयार, फार तर तिसऱ्या प्रहरी असरला. सकाळी गेलेला माणूस दिवस मावळायच्या आत मातीत, हाच त्याला ठाऊक असलेला रिवाज. मुंबईहून मुलगा येतोय म्हणून कुणी मय्यत थांबवू लागलं तर तो फळ्या अंगणात ठेवून नुसता उभा राही, आणि त्याच्या त्या उभं राहण्यानेच घरच्यांना घाई सुटे. गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, असं तो मानायचा. मनापासून मानायचा.

राबियापुढे मात्र त्याची डाळ शिजत नसे. ती त्याच्याहून बोलकी. फरक एवढाच की तो दिवसभर बोलायचा आणि ती एकदाच बोलायची, पण तेवढ्यात तो गप्प व्हायचा. त्यांना एकच लेक, झेबा. जव्हारच्या शाळेत शिकली, भिवंडीच्या नवेदला दिली. नवेद जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा. लग्नानंतर दोनेक वर्षांत तो नॉर्वेला गेला, बर्गेन नावाच्या समुद्रकाठच्या शहरात, आणि झेबाही त्याच्या मागोमाग गेली. जमातीत कुणालाच हा देश नीट सांगता येईना. शेवटी इदरीस ठरवून सांगायला लागला की जिथे जमीन संपते त्याच्या अलीकडचं गाव.

सव्वीस जुलैला मुंबई बुडाली त्या वर्षी झेबाला दिवस गेलेले होते. बाळंतपण पावसाळ्यानंतर होतं. नवेदने दोघांना बोलावलं, व्हिसाचं सगळं त्यानेच केलं. राबिया काही केल्या तयार होईना.

"मला तिकडं काही झालं म्हणजे?"

"तुला काय धाड भरलीय?"

"मला धाड भरायची असेल तर ती तुम्हाला विचारून येणार नाही. ऐका. नेताय तसं मला परत आणायचं. कब्रस्तानात अम्मीच्या शेजारची जागा मी बघून ठेवलीय. बाईमाणूस म्हणून आत गेले नाही कधी, पण भिंतीवरून बघितलीय. मी तिथंच निजणार."

"आणीन गं बाई. तुझं तोंड ऐकून तिथले लोक तुला ठेवून घेतील, असं वाटतं तुला?"

ती हसली नाही. "वचन द्या," म्हणाली. त्याने दिलं. आपल्या बायकोला अशा गोष्टींचं वेड आहे, एवढंच त्याला त्या वेळी वाटलं.

डिंक, अळीव, खारीक, खोबरं असं बाळंतिणीचं सगळं बांधून ती दोघं बर्गेनला उतरली तेव्हा तिथे पाऊस होता. दुसऱ्या दिवशी होता. त्या आठवड्यात होता आणि पुढच्याही. इदरीसला पावसाचं नवल नव्हतं. जव्हारचा पाऊस त्याने जन्मभर छपरावरून बघितलेला. पण तो पाऊस तुटून पडतो, चार महिन्यांनी आवरतो, आणि मग लवकर पिकलेला हळवा भात कापायला लोकांना मोकळं करतो. इथला पाऊस जोरातही येईना आणि थांबेही ना. राबियाने खिडकीतून दोन दिवस बघितलं आणि जावयाच्या देखत म्हणाली, "आपल्याकडचा पाऊस भांडून निघून जातो. हा तर घरजावई होऊन बसलाय." नवेद एवढा हसला की चहा सांडला. ती त्या घरातली शेवटची मोठी मजा होती.

नवेदने सासऱ्याला बंदर दाखवलं. पाण्याच्या काठाला जुन्या लाकडी घरांची रांग होती, लाल आणि पिवळी, एकमेकांवर कललेली. इदरीसचं मन पहिल्यांदाच त्या गावात रमलं. त्याने खांबांना हात लावले, खिळे बघितले, फळ्यांच्या सांध्यांत नख घालून बघितलं. खाली कामगार घरं उचलून धरून कुजलेला तळ बदलत होते. नवेद म्हणाला, वादळ आलं आणि भरती असली की समुद्र आता या रस्त्यावर येतो, पूर्वी एवढा येत नव्हता. पाऊसही वर्षागणिक वाढतोय. आपल्या पोरांच्या वेळी इथे काय होईल ते इथले लोक आत्ताच मोजत बसलेत.

"आणि तुमच्या घराचं?" इदरीसने विचारलं.

नवेदने हात वर करून डोंगर दाखवला. त्याचं घर डोंगराच्या उतरणीला होतं. मागच्या दाराबाहेर चार पावलांवर डोंगर सुरू व्हायचा, गवत आणि दगड आणि त्यातून सतत पाझरणारं पाणी. त्याच पावसात शहराच्या दुसऱ्या अंगाला चिखल घरांवर आला होता आणि माणसं गेली होती. तेव्हापासून नगरपालिकेचे लोक सगळ्या उतरणी तपासत फिरत होते. डोंगर सरकतोय का ते मोजायला नवेदच्या घरामागेही त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या. राबियाला हे कळलं तेव्हा ती बराच वेळ मागच्या दारात उभी होती. "वर डोंगर, खाली समुद्र, आणि मधे माझी पोर," म्हणाली, आणि आत जाऊन अळीव भिजत घातले.

झेबाला मुलगी झाली. राबियाने तिचं नाव शायस्ता ठेवलं, तिच्या कानाशी काय काय पुटपुटली, आणि झेबाला घरी आणल्यावर स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तिसऱ्या का चौथ्या सकाळी ती डिंक तळत होती. इदरीस बाजूलाच बसून बडबडत होता. तिने त्याला "जरा गप बसा" म्हटलं. तो गप बसला. मग झारा खाली पडल्याचा आवाज आला, आणि तो वळून बघेपर्यंत ती ओट्याला धरून हळूहळू खाली बसत होती. दवाखान्याची गाडी लवकर आली. डॉक्टरांनी त्यांना करता येण्यासारखं सगळं केलं. दुपारी नवेदने बाहेर येऊन सासऱ्याचा हात हातात घेतला, तेव्हा इदरीसला सांगायची गरज उरली नव्हती.

आता जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण इदरीसच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पीळ त्यातच आहे.

नवेद भला माणूस. त्याने तिथल्या बाकावर बसूनच विचारलं, "अब्बा, अम्मींना जव्हारला न्यायचं की इथंच दफन करायचं? दोन्ही होण्यासारखं आहे. खर्चाचा विचार करू नका. तुम्ही म्हणाल तसं."

"न्यायला वेळ किती लागेल?"

"कागदपत्रं, विमान... आठवडा तरी."

आठवडा! जिने आयुष्यात कुणाला ओट्यावर चहासाठी ताटकळत ठेवलं नाही, तिला आठवडाभर कुठल्या थंड कपाटात ठेवायचं? इदरीस स्वतः दुसऱ्यांच्या अंगणात फळ्या घेऊन उभा राहिला होता, घाई करा म्हणून. शेजारी झेबा होती, बाळंतीण, पोटाशी तान्ही पोर घेऊन आलेली. तिला विमानात बसता येणार नव्हतं. ती रडत रडत म्हणाली, "इथंच ठेवा ना, अब्बा. मला अम्मीकडं जाता तरी येईल. इथं बायकांना कब्रस्तानात जाऊ देतात."

एकीकडे वचन होतं. दुसरीकडे रिवाज आणि लेक. इदरीसने घड्याळाकडे बघितलं. असरला वेळ होता. "इथंच," तो म्हणाला. "आजच उरकू. फळ्या कुठं मिळतील ते सांग."

नवेद त्यांना घरी सोडून चौकशीला गेला आणि तासाभराने परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याच्यावर परक्या देशात कुणाला पुरायची वेळ आधी आली नव्हती, त्यालाही ठाऊक नव्हतं. इथे आज गेलेल्याला आज माती देत नाहीत. अर्ज, डॉक्टरांचा दाखला, कब्रस्तानातली पाळी. पुढच्या आठवड्यातला दिवस मिळाला होता.

म्हणजे तेवढेच दिवस. तेवढ्याच दिवसांत ती जव्हारला पोचली असती.

इदरीसला तेव्हाच बोलता आलं असतं. अजून काही बिघडलं नव्हतं, सगळं बदलता आलं असतं. तो उठलाही. झेबाच्या खोलीच्या दारात गेला. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, सकाळपासून पहिल्यांदाच तिचे डोळे कोरडे होते, आणि ती त्या एवढ्याशा जिवाला सांगत होती की दर शुक्रवारी आपण दोघी नानीकडं जायचं हं, तुला गाडीत घालून नेईन. इदरीस दारातूनच मागे फिरला. हयातभर दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टींत तोंड घालणारा माणूस, स्वतःच्या घरची एक गोष्ट बोलायची होती तेव्हा त्याची जीभ उचलली नाही.

तो आठवडा कसा गेला ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. पाऊस चालूच होता. तिथल्या पाकिस्तानी बायकांनी येऊन झेबाबरोबर राबियाला न्हाऊ घातलं. कब्रस्तान दाखवायला नवेद त्याला घेऊन गेला. तिथला राखणदार उंच, म्हातारा, मायाळू वाटणारा. तो बोलायचा आणि नवेद समजावून सांगायचा. खालच्या बाजूला नव्या कबरी देणं त्यांनी बंद केलं होतं, हल्लीच्या पावसाने तिथे जमिनीतलं पाणी वर येतं. वरच्या बाजूला डोंगर तपासायचं काम चालू होतं, तिकडेही देत नव्हते. मधला पट्टा उरला होता. मुसलमानांच्या वाट्याला त्यातलाच एक तुकडा. इदरीसने बूट काढून त्या गवतावर पाय ठेवून बघितला. पाण्यात पाय बोटांपर्यंत बुडाला.

फळ्या लागणारच नव्हत्या. तिथे पेटीतच पुरायचा नियम. पांढऱ्या हलक्या लाकडाची, स्क्रूंनी आवळलेली पेटी होती. इदरीसने तिच्या कडेवरून हात फिरवला. सांधे चांगले होते, तक्रारीला जागा नव्हती. लाकूड मात्र त्या पाण्यात किती वर्षं टिकेल याचा अंदाज त्याच्या हाताला आपोआप आला, आणि तो त्याला नको होता. माती द्यायच्या आधी दोन माणसांनी खड्ड्यातलं पाणी मोटर लावून उपसलं. जव्हारलाही भर पावसात डब्यांनी उपसतात, त्याने स्वतः उपसलं होतं, पण ते ओळखीच्या माणसांनी, ओळखीच्या मातीतून. त्याने तीन मुठी माती टाकली. ती चिखलच होती, हाताला चिकटून राहिली. दुआ झाली, लोकांनी गळाभेट घेतली, आणि सगळे छत्र्या उघडून गाड्यांकडे गेले.

जव्हारला तो एकटा उतरला. डेपोवर सुकऱ्या आलेला होता. त्याने पिशवी घेतली आणि दोघं बाजारापर्यंत चालत आले. मग न राहवून म्हणाला, "चाचीला तठं एकलीच ठेवून आलास?"

"एकटी कशी? झेबा आहे ना तिथं," इदरीस म्हणाला.

हेच उत्तर त्याने मशिदीत दिलं, दुकानात दिलं, मेहुणीला दिलं. मेहुणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. कब्रस्तानातली, राबियाच्या अम्मीच्या शेजारची जागा दुसऱ्या वर्षी कुणा दुसऱ्याला गेली. इदरीसचं बोलणं असं एका दिवसात नाही आटलं, हळूहळू आटलं. छपरावर चढायचा तेव्हा खाली फक्त हातोडीचा आवाज यायचा. लोकांना वाटायचं, बायकोच्या दुःखाने. तेही होतंच. पण खरं म्हणजे बोलायला लागलं की ते वचन तोंडात यायचं, म्हणून तो तोंडच बंद ठेवायचा. फळ्या मात्र कापायचा. कुणी मय्यत थांबवली तरी आता तो अंगणात उभा राहत नसे. फळ्या ठेवायचा आणि निघून यायचा. लेक लांबून येत असेल तर येऊ दे, असं एकदा तो स्वतःहून म्हणाला तेव्हा मशिदीत बांग देणारा मुअज्जिनसुद्धा बघत राहिला.

शुक्रवारी दुपारी झेबाचा फोन यायचा. "अब्बा, अम्मीकडं जाऊन आले," एवढ्याने सुरुवात व्हायची. शायस्ता रांगायला लागल्यापासून तीही तिथल्या गवतावर रांगली, पुढे धावू लागली. झेबाने तिथे काही झुडपं लावली होती, ती पाण्याने कुजली, मग दुसरी लावली. इदरीस आठवडाभर त्या फोनवर काढायचा. आपली चूक झाली, पण चुकीतून एवढं तरी बरं निघालं की राबियाकडे जाणारं तिचं माणूस आहे, दर आठवड्याला, पाऊस असो नसो. याच एका गोष्टीवर तो रात्री झोपू शकत होता.

असं चौथं वर्ष सरत आलं. त्या दिवशी तो आणि सुकऱ्या मोखाड्याला एका घराची चौकट बघायला गेले होते. काम बघून एसटी स्टँडवर बसले होते, तेव्हा फोन वाजला. वार शुक्रवार नव्हता.

झेबाचा आवाज चढलेला होता. डोंगर हलला होता. पडला नव्हता, पण घराच्या मागे चीर गेली होती आणि नगरपालिकेने ती अख्खी रांग राहायला बंद केली होती. त्यांना आधी शाळेत ठेवलं, मग कुठल्या भाड्याच्या घरात. बर्गेनमध्ये दुसरं घर बघायला नवेदचं मन घेईना. त्याच्या कंपनीने दुबईचं काम देऊ केलं होतं. कोरडं गाव, आपली माणसं. त्याने होकार दिला होता.

"तिथून मुंबई तीन तासांवर, अब्बा. आम्ही ईदला येऊ. शायस्ता तुमच्याकडं राहील सुट्टीत. आम्ही जवळ येतोय, कळतंय का तुम्हाला?"

"चांगलं झालं," इदरीस म्हणाला. आणि खरंच त्याला क्षणभर एवढा आनंद झाला की त्याने सुकऱ्याचा खांदा धरला. मग त्याच्या ध्यानात आलं. पलीकडे झेबाच्याही ध्यानात आलं, किंवा ते तिच्या ध्यानात होतंच आणि ती त्याच्या विचारण्याची वाट बघत होती.

"आणि अम्मी?" त्याने विचारलं.

झेबा रडायला लागली. नवेदने चौकशी केली होती. फार अवघड होतं, बहुतेक परवानगी मिळणार नव्हती, पण अब्बा म्हणत असतील तर तो परत एकदा...

"नाही," इदरीस म्हणाला. "झालेली कबर उकरायची नसते. त्यात राहिलंय काय आता. पाणी आहे सगळं."

"मग मी नाही जात. नवेदला जाऊ दे. मी इथंच दुसरं घर घेते."

त्याला वाटलं, हो म्हणावं. खरंच वाटलं. लेक आणि नात त्या डोंगराखाली राहू देत, पण राबियाकडे जाणारं कुणी असू दे, असं आपल्या मनात यावं याची त्याला शरम वाटली. स्टँडवर जव्हारची गाडी लागली होती, माणसं चढायला लोटालोटी करत होती, आणि सुकऱ्या पिशवी घेऊन त्याच्याकडे बघत उभा होता.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "दरडीखाली पोर घेऊन राहतेस? जा. नवऱ्याबरोबर जा."

बराच वेळ तिचं मुसमुसणं ऐकू येत राहिलं. मग ती लहान मुलीसारखी म्हणाली, "निघायच्या आधी एकदा जाऊन येईन. पण तिला सांगू काय, अब्बा?"

सुकऱ्याने गाडी जाऊ दिली. गाडी वळणाआड गेल्यावर इदरीस बोलला.

"नेहमी करतेस तसा सलाम कर. शायस्ताच्या गमती सांग. झाडांना काय झालं ते सांग. आणि ऊठ आणि ये," तो म्हणाला. "जाताय ते तिला सांगू नकोस."